अभंगाची पुढची ओळ

विचारणारे गृहस्थ पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका आमदारांचे स्वीय सहायक आहेत. साहेबांची इच्छा अशी की आचार्य अत्रे, बॅरिस्टर नाथ पै यांच्यासारखं आपलंही भाषण सभागृहात गाजावं. म्हणून त्यांना अभंग, सुभाषितं, शेर यांची विषयवार यादी हवी आहे. जोडीला एक शंकाही आहे: जुने पुढारी खरंच एवढे हजरजबाबी आणि वाचलेले होते, की त्या सगळ्या मागाहून रंगवलेल्या गोष्टी?

मी विधिमंडळात मराठी प्रतिवेदक म्हणून जवळजवळ तीस वर्षं काढली. अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक टेबल असतं. टीव्हीवर तिथे मान खाली घालून लिहिणारी माणसं दिसतात, ती आम्ही. सभागृहात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालतात, म्हणून प्रतिवेदकही तिन्ही भाषांचे. काही मिनिटांची पाळी करायची, दुसरा येऊन बसला की उठायचं आणि आत जाऊन लघुलेखन उतरवायचं. त्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही. सदस्य काय बोलले ते त्यात येतंच, आणि सभागृहाने काय केलं तेही कंसात येतं. (अडथळे), (गोंधळ), (हंशा). हा शेवटचा कंस कुणाला मागून मिळत नाही. त्यामुळे कोण कसं हसवतं याबद्दल माझी मतं जरा हट्टी आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

शंकेचं उत्तर आधी देतो. विधानसभेत 288 सदस्य आणि परिषदेत 78. दर पाच वर्षांनी त्यातले बरेच बदलतात. इतक्या वर्षांत शेकडो माणसं त्या बाकांवर बसून गेली आणि आपण नावं घेतो दहा-बाराच. जुन्या कार्यवाहीचे खंड ग्रंथालयात जाऊन चाळा. पानामागून पान पाटबंधाऱ्याचे आकडे, बदल्यांच्या तक्रारी, तारांकित प्रश्नांना दिलेली 'होय', 'नाही', 'माहिती गोळा करण्यात येत आहे' अशी उत्तरं. तेव्हाही बहुतेक भाषणं कंटाळवाणी होती, आणि लोकशाहीत तशी असायलाही हरकत नाही. धरणाच्या गळतीवर बोलताना माणसाने गळतीवर बोलावं.

दुसरी गोष्ट म्हणजे किश्शांची. अत्र्यांच्या नावावरचा एखादा तडफदार किस्सा तुम्ही ऐकता, तोच पुढच्या जिल्ह्यात दुसऱ्या पुढाऱ्याच्या नावावर ऐकू येतो आणि हिंदी पट्ट्यात तिसऱ्याच्या. भुकेल्या पाहुण्यासारखे हे किस्से जिथे ताट मांडलेलं दिसेल तिथे बसतात. साहेबांच्या भाषणात 'अत्रे एकदा म्हणाले होते' असं घालण्याआधी ते कुठे छापलेलं आहे का हे पाहा. समोर वाचलेला एखादा म्हातारा सदस्य बसलेला असेल, तर तो नेमका तेवढ्यावरच उठेल.

आता यादीकडे वळतो. माझ्याकडे ती नाही, आणि का नाही ते एका प्रसंगावरून सांगतो.

अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा चालू होती. अर्थसंकल्पाच्या चर्चेत विरोधी बाकांवरून एक ओळ हटकून येते, ती म्हणजे तुकोबांची 'बोलाचीच कढी बोलाचाचि भात'. मी ती इतक्यांदा लिहिली असेल की लघुलेखनात तिच्यासाठी माझी स्वतःची एक खूण ठरून गेली होती. त्या दिवशी एका ज्येष्ठ विरोधी सदस्यांनी ती म्हटली, चांगल्या खड्या आवाजात म्हटली, बाकं वाजली. सदस्य साखरपट्ट्यातले. स्वतःच्या तालुक्यात त्यांचा एक नियोजित सहकारी कारखाना होता. शेअर्स गोळा होऊन बरीच वर्षं झाली होती, बोर्ड लागलेला होता, चेअरमनसाहेबांची गाडी होती, पण ऊस टाकायच्या गव्हाणीत मोळी काही पडलेली नव्हती. गव्हाणच नव्हती.

उत्तराला मंत्री उठले. कागद चाळले, चष्मा पुसला. म्हणाले, "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांनी तुकोबांच्या अभंगाची पहिली ओळ म्हटली. पुढची ओळ त्यांनी का म्हटली नाही, ते मी समजू शकतो. कागदीं लिहितां नांवाची साकर, चाटितां मधुर गोडी नेदी."

दोन-तीन क्षण काहीच झालं नाही. मग ज्यांना कारखाना ठाऊक होता ते हसले, त्यांच्याकडे पाहून बाकीचे हसले, आणि शेवटी ते ज्येष्ठ सदस्य स्वतः कपाळावर हात मारून हसले. मी कंस लिहिला. चहाच्या वेळी लॉबीत दोघं एका सोफ्यावर बसलेले दिसले. सदस्य म्हणत होते, "अहो, पण चाल चुकली तुमची." मंत्री म्हणाले, "साखर तर बरोबर निघाली ना?"

या प्रसंगात तुमच्या यादीतून काय मिळालं असतं? पहिली ओळ. ती तर सगळ्यांनाच येत होती. मंत्र्यांना पुढची ओळ येत होती, कारण त्यांनी अभंग यादीतून उचललेला नव्हता, तो घरात भजनातून कानावर पडलेला होता. त्यांना समोरच्याचा कारखाना माहीत होता. आणि तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही: समोरचा बोलत असताना ते ऐकत होते. मंत्री लोक त्या वेळी साधारणपणे सह्या करत असतात किंवा मागच्या रांगेतल्या सचिवाने पाठवलेली चिठ्ठी वाचत असतात. खालच्या टेबलावरून आम्हाला हे नीट दिसतं. मी ज्यांच्या नावापुढे सगळ्यात जास्त वेळा हंशा लिहिला, ती सगळी माणसं दुसऱ्याच्या भाषणात जागी असणारी होती.

सभागृहातल्या विनोदाची बहुतेक सामग्री समोरचा माणूसच पुरवत असतो. त्याचाच शब्द घ्यायचा, उलटून पाहायचा, त्याला परत द्यायचा. वाचन कामाला येतं ते त्या शब्दाची दुसरी बाजू दिसावी म्हणून.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात देखणं उदाहरण महाराष्ट्र विधानसभेतलं नाही. ते घटना समितीतलं आहे, आणि कुणाच्या सांगण्यावर विसंबायला नको, छापील कार्यवाहीत आहे. 25 नोव्हेंबर 1949, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं समारोपाचं भाषण. मसुदा समितीवर टीका खूप झाली होती. नझीरुद्दीन अहमद नावाचे बंगालचे सदस्य होते, स्वल्पविराम-अर्धविरामांपर्यंत दुरुस्त्या सुचवण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांनी 'ड्राफ्टिंग कमिटी'चं नाव बदलून 'ड्रिफ्टिंग कमिटी' करून टाकलं होतं, म्हणजे वाऱ्यावर भरकटणारी समिती. कोटी चांगली होती. आजचा कुणी असता तर भडकला असता, किंवा समितीने किती बैठका घेतल्या त्याची जंत्री वाचत बसला असता.

बाबासाहेबांनी आधी मान्य केलं की आपल्या टोल्यावर नझीरुद्दीनसाहेब खूश असतील. मग म्हणाले, माझ्या शब्दांत सांगतो, की ताबा सुटलेलं भरकटणं वेगळं आणि ताबा ठेवून वाहत जाणं वेगळं, हा फरक त्यांना ठाऊक दिसत नाही. मासा लागला तर लागला म्हणून आम्ही गळ टाकून बसलो नव्हतो. ओळखीच्या पाण्यात हवा तोच मासा शोधत होतो. अधिक चांगल्याचा शोध म्हणजे भरकटणं नाही. आणि शेवटी, टीकाकाराने ही स्तुती म्हणून केली नसली तरी मी ती स्तुती म्हणूनच घेतो.

शब्द समोरच्याचा. त्याचे दोन तुकडे केले, वाईट तुकडा त्याला ठेवला, चांगला आपण घेतला. आता त्यातलं वाचन बघा. मूळ इंग्रजीत ज्या दोन शब्दांवर हा सगळा डाव उभा आहे ते म्हणजे 'ड्रिफ्ट' आणि 'मास्टरी'. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराच्या पुस्तकाचं नावच 'ड्रिफ्ट अँड मास्टरी' असं आहे. ते 1914 साली निघालं, आणि 1913 ते 1916 बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. योगायोग म्हणायचा तर म्हणा, माझं मन तयार होत नाही. पस्तीस वर्षांनंतर बंगालच्या सदस्याने एक कोटी करावी आणि तिला जोडीला बसणारा दुसरा शब्द डोक्यात तयार असावा, याला मी व्यासंग म्हणतो. त्यांनी लिपमनचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर विनोद तिथेच संपला असता.

त्याच भाषणात त्यांनी नावं घेऊनही दाखले दिले आहेत. व्यक्तिपूजेच्या धोक्याबद्दल बोलताना जॉन स्टुअर्ट मिल येतो, आयर्लंडचा डॅनियल ओ'कॉनेल येतो. पण ते दाखले भिंतीतल्या विटेसारखे आहेत, काढलात तर युक्तिवाद खाली येईल. आपल्याकडे दाखले बहुधा तोरणासारखे लावतात. काढले तरी दार तसंच. आणखी एक: त्या भाषणात आकडेही भरपूर आहेत. 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, वगैरे. हसवणारा माणूस तयारी करत नाही हा गैरसमज असेल तर ते भाषण एकदा सबंध वाचा.

आता अत्रे. तुमच्या साहेबांना अत्रे व्हायचं आहे. कुणाला नको आहे! पण अत्र्यांचा विनोद कुठून आला ते लोक पाहत नाहीत. ते मुळात शिक्षक. पुण्याला कॅम्पात शाळेचे मुख्याध्यापक होते, मुलांसाठी वाचनमाला तयार केल्या. 'झेंडूची फुले' हा त्यांचा विडंबनांचा संग्रह 1925 चा, तेव्हा राजकारण दूरच होतं. विडंबन करायला मूळ कविता तोंडपाठ लागते, तिचं वृत्त हातात लागतं आणि, हे विसरलं जातं, तिच्यावर थोडं प्रेम लागतं. 1956 च्या नोव्हेंबरात त्यांनी 'मराठा' हे दैनिक काढलं आणि 1957 साली ते विधानसभेत आले, तोवर त्यांच्यामागे तीसेक वर्षांची लेखणी होती. नाटकं, चित्रपट, 'श्यामची आई'ला मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, 1942 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, सगळं आधीच.

त्यांची अतिशयोक्ती मात्र मला पूर्वीइतकी हसवत नाही. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' हे पहिल्यांदा भारी वाटतं, पाचव्यांदा आपण मनात वर्षं मोजायला लागतो. शिवाजी पार्कवरच्या लाखभर माणसांसाठी तो आवाज ठीक होता, सभागृहाच्या चार भिंतींना तो मोठाच. माझ्या लेखी अत्र्यांचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पंडित नेहरूंवर त्यांनी किती आणि काय काय लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. 1964 साली नेहरू गेले तेव्हा त्याच माणसाने 'सूर्यास्त' लेखमाला लिहिली. ज्याला शिव्या देताना हात आखडला नाही त्याला निरोप देतानाही आखडला नाही. साहेबांना अत्र्यांचे किस्से देऊ नका, ते लेख द्या.

जुन्या सभागृहांबद्दल एक गोष्ट खरी आहे आणि तिचा विचार कमी होतो. 1962 ते 1972 या दहा वर्षांत विधानसभेच्या अध्यक्षपदी बाळासाहेब भारदे होते, आणि विधान परिषदेच्या सभापतिपदी 1960 पासून 1978 पर्यंत वि. स. पागे. दोघंही संतवाङ्मयात मुरलेले. भारदे तर कीर्तनाच्या परंपरेतले. पागे म्हणजे रोजगार हमी योजनेचे जनक, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. राज्याच्या दोन्ही आसनांवर एकाच काळात ज्ञानेश्वरी आणि गाथा ओठांवर असलेली माणसं बसली, असा योग पुन्हा आला नाही. परिषदेत तेव्हा राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून ग. दि. माडगूळकर होते. पुढे ना. धों. महानोर आले, आणि ते कवितेइतकंच पाण्यावर आणि शेतीवर बोलले. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजकार्य यांतली बारा माणसं राज्यपालांनी नेमायची अशी राज्यघटनेत सोय आहे. ती सोय कशी वापरली गेली, यावर न लिहिलेलंच बरं.

आसनावरच्या माणसाचं वाचन सभागृहाला वळण लावतं, असं माझे वरिष्ठ सांगत. कुणी अर्धा अभंग टाकला आणि अध्यक्षांनी मान डोलावली, की दुसऱ्या दिवशी तिघं गाथा उघडून येत. गाथा मिळायला तर काहीच अडचण नव्हती, 1950 साली सरकारनेच ती छापली होती.

ऐकणाराही तसाच लागतो. कोकणातल्या राजापूर मतदारसंघाने 1957 पासून 1971 मध्ये निधन होईपर्यंत नाथ पैंना लोकसभेत पाठवलं, आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांना 1991 पर्यंत. एक वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर, दुसरे मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे, रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालणारे. तेहतीस-चौतीस वर्षं हा मतदारसंघ मनिऑर्डरवर जगत होता, आणि तरी त्याने बोलण्यात कसूर न करणारी माणसं निवडली. ज्या गावांत दशावतारात राजाचं सोंग घेतलेला नट आयत्या वेळी संवाद रचतो आणि माणसं पहाटेपर्यंत त्यातलं बरंवाईट निवडत बसतात, तिथे पुढाऱ्याला घोकलेलं भाषण करून चालत नाही. हजरजबाबी माणसं हजरजबाबी श्रोत्यांतून येतात. आज अर्धी ओळ सांगून थांबलं तर समोर शांतता पसरते. मग वक्ता उरलेली ओळ सांगतो, मग अर्थ सांगतो, मग स्वतःच हसतो.

आणि वाचन म्हणजे पुस्तकीच असंही समजू नका. कंधारचे केशवराव धोंडगे, मन्याडचा वाघ म्हणत त्यांना. शेतकरी कामगार पक्षाचे. त्यांची भाषा कुठल्या ग्रंथातली नव्हती, ती बांधावरची, बाजाराची, गुरं राखणाऱ्यांची होती. त्यांनी गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं! तुमचे साहेब कुठल्या तालुक्यातले ते तुम्ही लिहिलं नाही. पण तिथल्या म्हातारीच्या तोंडात जी म्हण आहे ती विधानभवनात कुणी ऐकलेली नसेल, आणि तुमच्या यादीतला शेर मात्र सगळ्यांनी ऐकलेला असेल.

शेरावरून आठवलं. राज्यपालांच्या अभिभाषणावरची चर्चा होती. दुपारी एका सदस्यांनी एक उर्दू शेर म्हटला, वादळाचा आणि दिव्याचा. वाहवा झाली. तासाभराने दुसऱ्या पक्षाच्या सदस्यांनी तोच म्हटला, थोडीफार कुजबुज झाली. संध्याकाळी तिसऱ्यांनी 'अध्यक्ष महोदय, एक शायर म्हणतो' एवढं म्हणून पहिला शब्द उच्चारला आणि सगळ्या सभागृहाने उरलेला शेर कोरसमध्ये पुरा केला. तिघांचे स्वीय सहायक मोबाइलवरच्या एकाच ग्रुपवर होते, असं नंतर कॅन्टीनमध्ये कळलं. कंस मी तेव्हाही लिहिला. पण त्या हंशाचा धनी कोण, हे कार्यवाही वाचून कुणाला कळणार नाही. यादी मागण्यातला धोका हा असा आहे.

दुसऱ्या एका सदस्यांची गोष्ट आणखी गोड. भाषणाची उतरवलेली प्रत सदस्यांना पाहायला मिळते, शब्द चुकीचा पडला असेल तर दुरुस्त करता येतो. हे गृहस्थ सकाळी दहाला हजर. म्हणाले, मंत्र्यांनी मला टोमणा मारला ना, त्यानंतर माझं हे वाक्य घाला. वाक्य खरंच फक्कड होतं. मी म्हटलं, "साहेब, हे तुम्ही बोलला नव्हता." तर म्हणतात, "बोलणारच होतो हो. तेवढ्यात अध्यक्षांनी बेल वाजवली." रात्रभर ते वाक्य त्यांच्या उशाशी बसलेलं असणार. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. पुढच्या अधिवेशनात त्यांनी ते वाक्य घालायला जागा शोधली, सापडली नाही, तरी घातलं. कुणालाही कळलं नाही ते कशाला उत्तर आहे.

जुन्या काळाला नमस्कार घालताना एक डोळा उघडा ठेवा. त्या काळातल्या पुष्कळशा 'विनोदांत' बाईमाणसाची टर होती, कुणाच्या रंगाची, कुणाच्या जातीच्या आडनावाची, कुणाच्या अशुद्ध बोलीची. तेव्हा हंशा पिकला, कंस लिहिले गेले, आणि आज ती पानं वाचताना मान वर होत नाही. ज्याला उलट उत्तर देता येणार नाही त्याच्यावर मारलेला शेरा मी विनोदात धरत नाही. मंत्र्यांनी चेअरमनसाहेबांना साखर चाटवली तेव्हा दोघं तोलामोलाचे होते.

कधीकधी पुढाऱ्यांपेक्षा रस्ताच जास्त हुशार निघतो. 1977 साली मृणाल गोरे लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या. मुंबईत पाण्यासाठी हंडे वाजवणाऱ्या म्हणून मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. घोषणा झाली: 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' शब्द तेच, नुसती जागा बदलली. कुठल्याही पुढाऱ्याने रात्र जागवून इतकं नेमकं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

रामदास आठवलेंबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. 2019 च्या जूनमध्ये ओम बिर्ला लोकसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी 'एक देश का नाम है रोम' असं सुरू करून ओमशी यमक जुळवलं आणि दोन्हीकडचे बाक हसले. साहित्यिक मंडळी नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ते काव्य नाही हे आठवलेंनाही माहीत असावं, पण ते स्वतःचं आहे, त्यात कुणाला ओरखडा नाही, आणि तणावाच्या दिवशी सभागृहाला तेवढा श्वास मिळतो. ज्या दलित पँथरमधून ते आले ती 1972 साली काढणाऱ्यांत नामदेव ढसाळांसारखे कवी होते. त्या कवितेचा विस्तव या यमकांत नाही, हे मात्र म्हणायलाच हवं. तुमच्या साहेबांनी ही वाट धरू नये. ती एकाच माणसाला शोभते.

तर मग करायचं काय? साहेब स्वतःचं भाषण झाल्यावर उठून जात असतील तर ते आधी बंद करा. पहिली दोन अधिवेशनं त्यांना नुसतं बसू द्या. घरी एकच पुस्तक ठेवा, पण सबंध वाचायचं. गाथा साडेचार हजारांहून अधिक अभंगांची आहे, रोज पाच वाचले तरी अडीच वर्षांत संपते, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या आत. गाथा नको असेल तर अत्र्यांचं आत्मचरित्र घ्या, यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' घ्या, काहीही घ्या, पण मधलीच पानं उघडून वेचे काढायचे नाहीत. नियमांचं पुस्तकही वाचू द्या. हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा यांतला फरक माहीत नसेल, तर चांगलं वाक्यही अध्यक्षांच्या बेलखाली चिरडतं, आणि शब्द असंसदीय निघाला तर कामकाजातून जातंच. भाषण लिहून देत असाल तर मुद्दे आणि आकडे लिहा. विनोदाची जागा मोकळी सोडा. ती समोरचा भरेल.

आणि एवढं करूनही साहेबांना ते जमणार नाही, ही शक्यता धरून चाला. चालेल. माझ्या पाहण्यातले काही फार चांगले आमदार सबंध कारकिर्दीत एकदाही कुणाला हसवू शकले नाहीत आणि त्यांनी तालुक्यात पाणी आणलं.

पहिलं भाषण कोणत्या खात्याच्या मागण्यांवर आहे ते बघून घ्या. त्या खात्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या चर्चेचे खंड ग्रंथालयातून काढा. मंत्री कोण आहेत, त्यांचं तालुक्यात काय अर्धवट पडलंय, समोरून कोण बोलणार आहे आणि तो दरवर्षी कुठली ओळ म्हणतो, एवढं एका कागदावर लिहून द्या. त्या ओळीची पुढची ओळ खाली लिहा.